घर हलवताना खर्चाच्या वहीत काय लिहावे?

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी माझ्या अमरावतीच्या दवाखान्यात तिघे जण आले. काका निवृत्त शिक्षक, वय 78, रक्तदाब आणि अशक्त झालेले हृदय यांसाठी गेली अनेक वर्षे माझ्याकडे येणारे. काकू 71 वर्षांच्या, मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या, गुडघ्यांनी बेजार. सोबत पुण्याहून आलेला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) येत्या मे महिन्यात आईवडिलांना कायमचे पुण्याला न्यायचे, आपल्याच सोसायटीत त्यांच्यासाठी लहानसे घर भाड्याने घ्यायचे, असे त्याने ठरवले होते. माणूस व्यवस्थित. मोबाइलमध्ये सगळा हिशेब तयार होता: सामान बांधणे आणि ट्रक 42,000, तिकिटे 6,000, अनामत 54,000, दलाली 18,000, एकूण 1,20,000 रुपये. मला विचारायचे होते ते एवढेच की, दोघे प्रवास करू शकतील ना?

काकांनी मात्र वेगळेच विचारले. "डॉक्टर, तिकडे नाहीच मानवले तर?"

मुलाच्या हिशेबात या प्रश्नासाठी ओळ नव्हती. खरे तर त्या हिशेबात सामानाचा खर्च पूर्ण होता, माणसांचा जवळपास नव्हताच. मी त्याला दोष देत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना सावंतवाडीहून अमरावतीला आणले. औषधांची पिशवी मी स्वतःजवळ ठेवली आणि डॉक्टर असल्याचे समाधान मानले. सामान बांधणाऱ्या मुलांनी टेबलाच्या खणासकट वडिलांची कवळी आणि कानाचे यंत्र ट्रकमध्ये चढवले. दुसऱ्या दिवशी येणारा ट्रक सहाव्या दिवशी आला. तोवर वडिलांना नीट ऐकू येत नव्हते, पातळ खिचडीपलीकडे खाता येत नव्हते, पाणीही ते कमीच पीत होते. तिसऱ्या रात्री त्यांनी भिंतीतले कपाट दार समजून उघडले आणि मला ओळखले नाही. मेंदूचा सीटी स्कॅन झाला, रक्तातले सोडियम तपासले. तपासण्या चुकीच्या नव्हत्या. वृद्ध माणसाला अचानक भ्रम झाला तर जंतुसंसर्ग, सोडियम, मेंदूतील रक्तस्राव हे सारे पाहावेच लागते. पण ती वेळ माझ्या निष्काळजीपणाने आली होती. यंत्र कानात आणि कवळी तोंडात गेल्यावर दोन दिवसांत वडील वर्तमानपत्र वाचून माझ्याशी वाद घालू लागले.

तेव्हापासून दूरचे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला मी एक वही घ्यायला सांगतो. या तिघांनीही ती घेतली.

पहिली गोष्ट महिन्याची. वृद्ध जोडप्याला शाळेच्या वेळापत्रकाशी काही देणेघेणे नसते, तरी आपण सवयीने उन्हाळ्याची सुट्टी धरतो. त्या दिवसांत शाळकरी मुलांची सारी कुटुंबे घरे बदलत असतात आणि ट्रकचे दर चढलेले असतात. विदर्भातले मे महिन्याचे ऊन, अशक्त हृदय आणि लघवी वाढवणारी गोळी हे तर अत्यंत वाईट त्रिकूट. आम्ही जानेवारी ठरवला. निवृत्तिवेतनासाठी लागणारा नोव्हेंबरचा हयातीचा दाखलाही जुन्याच ठिकाणी देऊन झाला. नव्या दराची चौकशी केली, दोन लोखंडी कपाटे आणि जुना दिवाण न नेण्याचे काकूंनी कबूल केले (सोपे गेले नाही), आणि ट्रकचा आकडा 42,000 वरून 31,000 वर आला. दर विचारताना दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: लिफ्ट नसल्यास मजल्यामागे किती, आणि कर धरून की वगळून. सामान वाटेत असताना वाढीव पैसे मागितल्याच्या तक्रारी रुग्णांकडून पुष्कळ ऐकल्या आहेत.

आता नव्या ओळी. निघण्यापूर्वीच्या तपासण्या, ईसीजी आणि कागदपत्रांच्या प्रतींसाठी 5,000. जुन्या डॉक्टरकडून एका पानावर आजार, औषधांची शास्त्रीय नावे व मात्रा, कशाची ॲलर्जी आहे आणि अलीकडचे अहवाल लिहून घ्यावेत. हे पान नसेल तर नवा डॉक्टर साऱ्या तपासण्या पुन्हा सांगेल, आणि त्याचे चूक नसेल. औषधे महिन्याची नव्हे, दीड महिन्याची घ्यावीत. दोघांची मिळून 8,000. इन्सुलिन ट्रकमध्ये कधीही देऊ नये, बंद ट्रक आतून भट्टीसारखा तापतो. ते हातातल्या थंड पिशवीत ठेवावे, मात्र बर्फाला चिकटवून नव्हे. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. त्याच पिशवीत चष्मा, कवळी, कानाचे यंत्र आणि त्याचे सेल. ही ओळ मी वहीत स्वतः लिहितो.

प्रवासासाठी वेगळी रक्कम लागते असे नाही, पण बचत कुठे करू नये हे सांगतो. रेल्वेतील ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे, म्हणून साधे तिकीट काढून अवघडत जाऊ नये; खालचा बर्थ मिळेल तीच तारीख धरावी. मोटारीने जायचे तर दर दीड तासाने उतरून पाच मिनिटे चालावे. नंतर एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणे आले, किंवा एकाएकी दम लागला, तर वाट पाहू नये. आणखी एक हमखास घडणारी गोष्ट: वाटेत लघवीची पंचाईत नको म्हणून वडीलधारी माणसे पाणी सोडतात आणि लघवीची गोळीही स्वतःच बंद करतात. काकांनी तेच ठरवले होते, काकूंनी सांगून टाकले! गोळीची वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना विचारावे, गोळी सोडू नये.

न्हाणीघरातील आधाराच्या दांड्या, न घसरणारी चटई, उंच कमोड आणि रात्रीचे मंद दिवे यांसाठी 9,000 धरले. भिंतीला भोके पाडण्याची घरमालकाची परवानगी करारापूर्वीच घ्यावी. जुन्या घरात पलंगापासून मोरीपर्यंतची वाट पायांना पाठ असते, अंधारातही. नव्या घरात पलंग अशा बाजूने लावावा की उतरण्याची बाजू तीच राहील. याला पैसा पडत नाही.

पहिले सहा आठवडे दिवसा सोबतीला बाई हवी, त्यासाठी 30,000. इथे मुलगा म्हणाला, "माझी बायको रजा घेईल." सुनेची रजा हीसुद्धा खर्चाचीच बाब आहे, ती फुकट समजून वहीबाहेर ठेवू नये. अमरावतीचे घर सहा महिने तरी विकू नका, असा माझा आग्रह होता. वीज, कर आणि देखभालीसाठी 12,000 लिहिले.

विम्याबद्दल गैरसमज फार. 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि योजनेतील रुग्णालय देशात कुठेही चालते. मात्र ही सोय दाखल होऊन घेतलेल्या उपचारांची आहे. रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या भेटी तिच्यात येत नाहीत. नव्या घराजवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे ते आधीच पाहावे. खासगी पॉलिसी असेल तर पत्ता कळवावा आणि मोठ्या शहरात बिलाचा काही भाग स्वतः भरावा लागेल का, ते विचारावे. दाखल होताना अनेक ठिकाणी आधी पैसे मागतात, म्हणून 50,000 हाताशी.

राहिला काकांचा प्रश्न. त्याच्यासाठी आणखी 50,000, 'परत येण्याचे' असे लिहून. मुलाला ते अशुभ वाटले. मी म्हटले, ही रक्कम काकांच्या स्वतःच्या खात्यात राहील आणि तिचा हिशेब कोणी मागणार नाही. बेरीज 2,73,000 झाली. त्यातली अनामत परत येणारी आणि एक लाख कदाचित न लागणारे. पण मुलाचा चेहरा उतरलाच. काका मात्र पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. महिनाभराने काकूंचा फोन आला. साखर बरी आहे, खालच्या मजल्यावर एक मैत्रीण मिळाली आहे, परतीच्या पैशांना हात लावलेला नाही. फक्त कमोडजवळची दांडी डावीकडे लावली आहे आणि त्यांचा जोर उजव्या हाताचा. दुसरी लावायला बाराशे रुपये पडले. "वहीत लिहिले आहेत," त्या म्हणाल्या, "यांनी नाही, मी."