राणीच्या पाठीवरची राणी

आयत्या बिळावर नागोबा, असं आपण सहज म्हणून जातो. पण नागोबा निदान उंदीर तरी स्वतः पकडतो. स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये, सास-फे गावाच्या परिसरात हाइनरिक कुटर यांना सापडलेल्या मुंगीला तेवढंही जमत नाही. 1950 मध्ये त्यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं ‘टेल्युटोमिर्मेक्स’, म्हणजे शेवटची मुंगी. ऐतखाऊपणाची यापुढे पायरीच नाही!

टेट्रामोरियम नावाच्या मुंग्यांच्या घरट्यात ती राहते. राहते म्हणजे काय, तर थेट तिथल्या राणीच्या पाठीवर. लांबी जेमतेम अडीच मिलिमीटर. पोटाची खालची बाजू खोलगट, राणीच्या अंगावर नेमकी बसणारी. पायांची नखं आणि गाद्या मोठ्या, घट्ट पकड घ्यायला. एकाच राणीवर अशा आठ-आठ जणी बसलेल्या आढळल्या आहेत. बिचारीला मग हलणंही मुश्कील. राणीची सेवा करणाऱ्या कामकरी मुंग्या या पाहुणीलाही भरवतात, चाटून-पुसून ठेवतात. तिच्या अंगातले स्राव त्यांना आवडत असावेत. म्हाताऱ्या पाहुणीचं पोट अंड्यांनी टम्म फुगतं आणि ती साधारण दर अर्ध्या मिनिटाला एक अंडं घालते.

यजमान राणीला ती मारत नाही, यात तिचा स्वार्थच आहे. तिच्या स्वतःच्या जातीत कामकरी मुंग्याच नाहीत. यजमान राणीने कामकरी जन्माला घालत राहावं आणि त्यांनी हिची पोरं वाढवावीत, असा हा सगळा संसार. अशा घरट्यातून यजमानांच्या नव्या राण्या मात्र बाहेर पडत नाहीत.

या ऐषारामाची किंमत तिच्या शरीराने मोजली आहे. जबडे दुबळे, नांगी खुरटलेली, मेंदूही लहान. नराला तर पंखच नाहीत, तो कोशासारखाच दिसतो, आणि मीलन बहुतेक घरट्यातल्या घरट्यात, बहीण-भावांतच उरकतं.

इटालियन अभ्यासक कार्लो एमेरी यांनी 1909 मध्ये लिहून ठेवलं होतं की, अशा परजीवी मुंग्या बहुधा आपल्या यजमानाच्याच जवळच्या नातलग असतात. इथे तर नातं फारच जवळचं निघालं. जनुकीय अभ्यासानंतर ‘शेवटची मुंगी’ यजमानाच्याच टेट्रामोरियम गटात जमा झाली. आता तिचं शास्त्रीय नाव आहे टेट्रामोरियम इन्क्विलिनम. लॅटिनमध्ये ‘इन्क्विलिनस’ म्हणजे भाडेकरू.