दिवस भरतात म्हणजे काय होतं?

माझ्या भाचीला 39वा आठवडा सुरू आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली आहे. दुपटी धुऊन उन्हात वाळवून झाली, दवाखान्याची पिशवी दाराशी भरून ठेवली आहे आणि नातेवाइकांचे फोन चालूच आहेत : ‘झाली का गं सुटका?’ फाइलवर लिहिलेली तारीख घरात सगळ्यांना पाठ आहे. ती उलटली, तर आपलंच काही चुकलं असं या मुलीला वाटू नये, एवढ्यासाठी हा लेख.

आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात. दवाखान्यातला हिशेब हायडेलबर्गचे जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. महिना तीस दिवसांचा धरला तर आपले होतात 279 दिवस, आणि नेगेले यांचे साधारण 280. पण यातले पहिले दोन आठवडे गर्भ राहिलेलाच नसतो, आणि पाळी दर 28 दिवसांनी येते हेही गृहीत धरलेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने तारीख बरीच नेमकी होते. तरी नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच.

मग चूक मोजण्यात आहे का? 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 125 स्त्रियांच्या लघवीतले हार्मोन रोज तपासून बीज सुटल्याचा दिवस ठरवला होता. अंदाजाला जागा फारशी उरलीच नव्हती. तरीही, मुदतीआधीची बाळंतपणं वगळून, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दिवसांच्या गर्भारपणात 37 दिवसांचा फरक निघाला. म्हणजे ही तऱ्हा निसर्गाचीच आहे.

तरी तारीख जितकी नेमकी कळेल तितकी हवी. आपल्या आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त बाईला बाळंतपणाआधी काही दिवस आणून ठेवतात. तिला घरातून कधी निघायला सांगायचं, हे त्या तारखेवरच ठरतं. सोनोग्राफीची प्रचलित सूत्रं बहुतांशी पाश्चात्त्य बाळांच्या मापांवर बेतलेली. 2024 मध्ये आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने भारतीय गर्भांच्या मापांवरून ‘गर्भिणी-जीए2’ हे सूत्र तयार केलं, तेही पहिली सोनोग्राफी उशिरा होणाऱ्या स्त्रियांना उपयोगी पडेल असं. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

आता मूळ प्रश्न. कळा सुरू करायच्या, हे ठरवतं कोण?

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ग्रॅहॅम लिगिन्स नावाचे डॉक्टर 1960च्या दशकात हाच प्रश्न घेऊन मेंढ्यांकडे गेले. पोटातल्या कोकराची पिट्युटरी ग्रंथी निकामी केली, तर दिवस उलटले तरी मेंढी व्यायचीच नाही. उलट कोकराच्या अंगात कॉर्टिसॉल वाढवलं, की वेळेआधीच कळा लागायच्या. निरोप कोकराकडून निघत होता! या प्रयोगांत एक कोकरू फारच लवकर जन्मलं. त्या वयाच्या फुफ्फुसांत हवा भरायलाच नको होती, पण ते श्वास घेत होतं. कॉर्टिसॉलने फुफ्फुसं पिकवली होती. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांनी आयांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 1972 मध्ये आले. अपुऱ्या दिवसांच्या कळा लागल्या की आज आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती या कोकरांमुळे. कितीतरी बाळं त्यामुळे वाचली.

माणसात गोष्ट एवढी सरळ नाही. इथे वारही बोलते. ती सीआरएच नावाचं हार्मोन तयार करते आणि दिवस भरत येतात तसं आईच्या रक्तात ते वाढत जातं. ऑस्ट्रेलियातल्या रॉजर स्मिथ यांच्या गटाने 1995 मध्ये त्याला वारेचं घड्याळ म्हटलं. ज्यांची बाळंतपणं पुढे लवकर झाली, त्यांच्यात ते कित्येक आठवडे आधीच जास्त होतं. 2004 मध्ये डॅलसच्या कॅरोल मेंडेलसन यांच्या गटाला उंदरांमध्ये आणखी एक दुवा सापडला : फुफ्फुसं तयार होताना त्यांतून पाझरणारं एक प्रथिन गर्भजलात उतरतं आणि कळांची तयारी सुरू करून देतं. श्वास घ्यायची तयारी झाली, ही बातमी बाळ स्वतःच देतं म्हणायचं.

आईकडे इतके महिने प्रोजेस्टेरॉनने गर्भाशय शांत ठेवलेलं असतं. बाईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन शेवटी घटत नाही, गर्भाशय त्याचं ऐकेनासं होतं. स्नायूंच्या सुट्या पेशी एकमेकींना जोडल्या जातात, म्हणजे कळ आली की सगळं गर्भाशय एकदम आवळतं. पिशवीचं तोंड मऊ पडतं. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी 1872 मध्ये वर्णन केलेल्या ‘खोट्या कळा’ याच दिवसांत वाढतात. त्यांना खोट्या म्हणणं मला पटत नाही. अंग त्यात खरंच आवळत असतं.

बाळही रिकामं बसलेलं नसतं. 35व्या आठवड्यात त्याच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या दोन तृतीयांशच असतं. आईची प्रतिपिंडं वारेतून सर्वांत जास्त जातात ती याच शेवटच्या आठवड्यांत. म्हणून केवळ मुहूर्त साधायला 39 आठवड्यांच्या आत सिझेरियन करून घेणं मला बाळावर अन्याय वाटतो. वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी.

मात्र वाट पाहण्यालाही हद्द आहे. 41 आठवड्यांनंतर धोका वाढू लागतो, पाणी कमी होऊ शकतं, आणि मग डॉक्टर कळा आणण्याचं सुचवतात. कळा आणल्या की सिझेरियनच होतं, ही भीती अनेक घरांत आहे. 2018 मध्ये सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींवर झालेल्या अमेरिकी चाचणीत, 39व्या आठवड्यात कळा आणलेल्यांमध्ये सिझेरियनचं प्रमाण 18.6 टक्के होतं, वाट पाहणाऱ्यांमध्ये 22.2 टक्के. आणि शेवटी बाळ हलायचं कमी होतं, ही समजूत तर जिवावर बेतू शकते. हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

काल रात्री भाचीला दोनदा कळा आल्या आणि अर्ध्या तासात विरल्या. आज जेवून ती डाव्या कुशीवर झाली, मी वही घेऊन शेजारी बसले. दहावी हालचाल 40व्या मिनिटाला आली, बरगडीखाली, चांगली जोरात.