सौरमालेपलीकडची भैरवी

अंतराळात एकटा निघालेला आणि परत न आलेला मेजर टॉम हा पाश्चात्त्य पॉप संगीतातला सर्वांत प्रसिद्ध अंतराळवीर. डेव्हिड बोवीने त्याला १९६९ मध्ये जन्माला घातले. पुढे पश्चिम जर्मनीत ‘नोये डॉयचे वेले’ म्हणजे नव्या जर्मन लाटेच्या भरात पेटर शिलिंगने त्याची कथा सिंथेसायझरच्या ठेक्यावर जर्मनमध्ये पुन्हा सांगितली. १९८२ च्या अखेरीस आलेले हे ‘मेजर टॉम’ १९८३ मध्ये तिथल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले. तोवर पश्चिम जर्मनीचा एकही माणूस अंतराळात गेला नव्हता. उल्फ मेरबोल्ड गेला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. टॉम आणि त्याचे यान कल्पनेतलेच होते. पण हे गाणे युरोपभर वाजत असताना एक खरीखुरी बंदिश शनी ओलांडून पुढे निघाली होती. ती गाणारी बाई गोव्यातल्या केरी गावची: सूरश्री केसरबाई केरकर.

नासाचे व्हॉयेजर-२ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी आणि व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. क्रमांक उलटे वाटतात, पण पहिला क्रमांक मिळालेले यान जवळच्या मार्गाने गुरूपाशी आधी पोचणार होते. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी बसवली आहे. तिच्यावर ५५ भाषांतले अभिवादन आहे, त्यांत मराठीही. शंभराहून अधिक चित्रे आहेत आणि जगभरच्या संगीताचे २७ नमुने आहेत. चित्रांत ताजमहाल आहे. तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या संथ गतीने वाजवायची, म्हणून तिच्यात सुमारे दीड तासाचे संगीत मावले. वाजवायची सुईही सोबत दिली आहे. वेष्टनावर युरेनियम-२३८ चा लेप आहे. या मूलद्रव्याचा अर्धा भाग विघटित व्हायला सुमारे साडेचार अब्ज वर्षे लागतात, तेव्हा किती लेप उरला ते मोजून सापडणाऱ्याला तबकडीचे वय काढता यावे.

संगीत निवडणाऱ्या समितीचे प्रमुख होते कार्ल सेगन. भारतीय संगीताचा नमुना कोणता घ्यावा हे भारतात ठरले नाही. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी केसरबाईंची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही बंदिश सुचवली. ध्वनिमुद्रित भारतीय संगीतात याहून सरस काही नाही, असे त्यांचे मत होते. पण रेकॉर्ड बाजारात मिळेना. समितीतल्या अ‍ॅन ड्रुयान यांना ती अखेर न्यूयॉर्कमध्ये, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. रविशंकरांचे नाव अमेरिकेत घरोघरी पोचलेले असताना समितीने सोपा मार्ग धरला नाही, हे तिचे मोठेपण.

केसरबाई १८९२ मध्ये जन्मल्या. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे त्यांची काही महिने तालीम झाली. पुढे रामकृष्णबुवा वझे आणि भास्करबुवा बखले यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. मात्र त्यांचे गाणे घडले ते जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ यांच्यापाशी. १९२१ पासून १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत, म्हणजे पाव शतकभर, ही तालीम चालली. मोकळा भरदार आकार, लांब दमसास, लयीला धरून उलगडत जाणारी पेचदार तान आणि अनवट रागांची ओढ ही या घराण्याची खूण. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा त्यांनी मैफली थांबवून काही वर्षे झाली होती. ध्वनिमुद्रणाबद्दल त्या फार उत्साही नव्हत्या. तासाभरात फुलणारा राग साडेतीन मिनिटांत कोंबायचा, हे मैफलीत वाढलेल्या गायिकेला रुचणे कठीणच होते. व्हॉयेजर-१ सुटल्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

‘एकटी कुठे निघालीस’ अशा अर्थाचा प्रश्न विचारणारी ही बंदिश एकट्या यानाला इतकी शोभते की ती मुद्दाम निवडली असे वाटावे. निवडीमागे खरे कारण गळ्याचे होते. रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे चारही स्वर कोमल घेणारी भैरवी आपल्याकडे मैफलीच्या शेवटी येते. तबकडीतही ती शेवटाकडेच, २७ पैकी २५ व्या जागी आहे. तिच्या आधी गुचिन या चिनी वाद्यावरची रचना आहे आणि नंतर ब्लाइंड विली जॉन्सन व बेथोवन. पण भैरवीआधीची मैफल या तबकडीत कुठेच नाही. अल्लादिया खाँसाहेबांकडून आलेला बिकट रागांचा कारभार, एकेका स्वरावर ठाण मांडून केलेली बढत यांतले काही परग्रहवासीयांच्या कानी पडणार नाही. जगाला केसरबाई ठाऊक झाल्या त्या या साडेतीन मिनिटांनी, आणि घराण्याच्या रसिकाला हे माप तोकडे वाटणारच.

व्हॉयेजर-१ ने २५ ऑगस्ट २०१२ रोजी सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली, व्हॉयेजर-२ ने ५ नोव्हेंबर २०१८ रोजी. पहिल्या यानाचा संदेश पृथ्वीवर यायला आता जवळजवळ एक दिवस लागतो. यानांची वीज हळूहळू संपत आली आहे. ती संपल्यावर संदेश बंद होतील, तबकडी मात्र पुढे जात राहील. सुमारे चाळीस हजार वर्षांनी व्हॉयेजर-१ ग्लीझ ४४५ या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल. ही भैरवी आज इंटरनेटवर सहज ऐकता येते. ती ऐकणाऱ्याने केसरबाईंचे नट कामोद आणि ललिता गौरी हे रागही जरूर ऐकावेत. गायिकेचा खरा आवाका तिथे कळतो.