विजेवरचा ताफा आणि खासगी मोटारीची फूटपट्टी

विजेवरच्या मालवाहू गाड्या आणि बसगाड्या यांच्याविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच चुकीतून येतात. खासगी मोटार घेताना माणूस जे प्रश्न विचारतो, तेच इथेही विचारले जातात: गाडी किती महाग, एका चार्जिंगमध्ये कुठवर जाते, वाटेत चार्जर मिळाला नाही तर काय. पण खासगी मोटार बहुतेक वेळ उभीच असते. धंद्याची गाडी मात्र रोज ठरलेल्या वाटेने ठरलेले अंतर कापते, आणि तिचा मालक किलोमीटरमागे किती खर्च आला ते मोजतो. शहरात माल पोहोचवणारी ‘छोटा हत्ती’च्या वर्गातली गाडी उदाहरणादाखल घेऊ. डिझेलवर ती लिटरला १५ किलोमीटर गेली आणि डिझेल ९० रुपयांना पडले, तर किलोमीटरला ६ रुपये लागतात. तशीच विजेवरची गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, युनिटला ५ किलोमीटर गेली आणि युनिट १० रुपयांना पडले, तर २ रुपये लागतात. रोज १०० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धावणाऱ्या गाडीचे यात १ लाख २० हजार रुपये वाचतात. खरेदीत ४ लाख जास्त मोजले असले, तरी व्याजासकट चार वर्षांच्या आसपास ते वसूल होतात. तीच गाडी रोज ३० किलोमीटरच फिरली, तर व्याज न धरताही अकरा वर्षे लागतील. म्हणजे ‘विजेवरची गाडी परवडते का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते धावेवर ठरते, आणि जास्त धाव हे तर ताफ्याचे लक्षणच आहे. शहर बसच्या बाबतीत तर खरेदीची किंमत पुष्कळदा परिवहन संस्थेच्या अंगावर पडतही नाही, कारण कंत्राटदार बस आणतो आणि संस्था किलोमीटरमागे पैसे देते. २०२२ मध्ये पाच शहरांसाठी एकत्र काढलेल्या ५,४५० बसच्या निविदेत १२ मीटर बसचा दर किलोमीटरला ४३.४९ रुपयांपर्यंत खाली आला, तो याच पद्धतीमुळे आणि मोठ्या संख्येमुळे.

रेंजची भीतीही अशीच उसनी आहे. कोणती बस दिवसाला किती फेऱ्या मारणार हे डेपोच्या वेळापत्रकात आधीच लिहिलेले असते, त्यामुळे बॅटरी किती मोठी हवी आणि चार्जिंग कधी करायचे हे बस येण्यापूर्वीच ठरवता येते. चीनमधल्या शेन्झेन शहराने २०१७ अखेर आपल्या १६ हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या. आपल्याकडे एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, आणि १ जून २०२२ रोजी विजेवरची पहिली ‘शिवाई’ त्याच मार्गावर सुटली. अवजड मालाची गोष्ट वेगळी असली, तरी तिथेही बंद दार नाही. न्हावा शेवा बंदरात सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलून घेता येणाऱ्या ५० अवजड ट्रकांचा ताफा उतरला. अंतर कमी, फेऱ्या ठरलेल्या आणि बॅटरी बदलण्याची जागा जवळ, म्हणून तिथे हे जमते. नागपूरहून मुंबईला भरगच्च माल घेऊन निघालेल्या ट्रकला मात्र आज ही सोय नाही, आणि बॅटरीच्या वजनाएवढा माल कमी घ्यावा लागतो ही वाहतूकदारांची तक्रार खरी आहे. युरोपीय संघाने त्यावर शून्य-उत्सर्जन ट्रकांना दोन टनांपर्यंत जादा वजनाची मुभा दिली. ‘सगळे ट्रक आताच विजेवर’ ही घोषणा म्हणूनच ‘ट्रक विजेवर चालूच शकत नाहीत’ या समजाइतकीच चुकीची आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप कोळशाचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते. एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १२ मीटरची बस किलोमीटरला सव्वा युनिट घेते असे धरले, तर सुमारे ०.९ किलो झाले. लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर जाणारी डिझेल बसही साधारण तेवढाच सोडते. मोठ्या बसच्या बाबतीत आज कार्बनचा फायदा जवळजवळ नाहीच हे स्पष्ट सांगायला हवे. तरीही मी या बदलाच्या बाजूने आहे. पहिले कारण फुप्फुसांचे: डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले, आणि हा धूर बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी, नाकाच्या उंचीवर सुटतो. यावर कोळशाच्या वीजकेंद्राशेजारी राहणारा चंद्रपूरकर विचारू शकतो की मुंबईचा धूर आमच्या माथी का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर चार्जिंगच्या वेळेत आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतला वीजदर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. दुपारी प्रवासी कमी असताना बस डेपोत आणून जोडली, तर ती वीज स्वस्तही पडते आणि तिच्यात उन्हाचा वाटाही मोठा असतो. रात्रीच सगळ्या बस जोडल्या, तर कोळसाच जळेल. दुसरे कारण म्हणजे आज घेतलेली डिझेल बस पुढची दहा-बारा वर्षे तसाच धूर सोडत राहील. विजेवरच्या बसचे उत्सर्जन मात्र ग्रीड सुधारेल तसे तिच्या हयातीतच घटत जाईल.

बॅटरी तीन वर्षांत संपते, उन्हात पेटते, असेही समज आहेत. पेटण्याचा समज मुख्यतः दुचाकींच्या २०२२ मधल्या आगींनी पसरवला. त्यानंतर बॅटरीचे सुरक्षानियम कडक झाले. बस आणि ट्रकांत बहुतांशी लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. ती इतर प्रकारांपेक्षा उष्णता जास्त सोसते आणि हजारो चार्जिंग पेलते.

खऱ्या अडचणी दुसरीकडे आहेत आणि त्यांची चर्चा फार कमी होते. पन्नास बसना रात्री सहा तासांत प्रत्येकी २०० युनिट भरायचे, तर डेपोला सुमारे १,७०० किलोवॉट भार लागतो. त्यासाठी उच्चदाबाची जोडणी, स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आणि पुष्कळदा नवी वाहिनी हवी. बस आली आणि जोडणी रखडली, तर दोष गाडीच्या माथी मारला जातो. कंत्राटदाराचे पैसे थकण्याच्या भीतीचे सावटही निविदांवर होते. त्यासाठी केंद्राने २०२४ मध्ये ३,४३५ कोटींची देयक-सुरक्षा योजना मंजूर केली. पण बहुसंख्य ट्रकमालक पाचांहून कमी गाड्यांचे धनी आहेत, आणि त्यांच्यासाठी असे कवच नाही. जुन्या विजेच्या गाडीला बाजारात किती भाव येईल हे बँकेला उमगत नाही, म्हणून ती व्याज चढे आणि मुदत तोकडी ठेवते. इंधनात वाचलेला पैसा मग हप्त्यातच जातो. बॅटरीची किती क्षमता उरली आहे याचा प्रमाणित दाखला गाडीसोबत मिळू लागला आणि बॅटरीची हमी नव्या मालकाच्या नावे होऊ लागली, तर बँकेला तारणाची किंमत ठरवता येईल आणि एक-दोन गाड्यांच्या मालकाला डिझेल गाडीइतक्याच मुदतीचे कर्ज मागता येईल.