उलट्या वाटेचं पाणी

दुधाचा रिकामा कॅन खऱ्या अर्थाने रिकामा कधीच नसतो. ४० लिटरचा कॅन टाकीत उपडा केला तरी आतल्या अंगाला साय, फेस आणि दुधाचा पातळ थर चिकटून राहतोच. विटा-आटपाडी पट्ट्यातल्या एका शीतकरण केंद्रात सकाळच्या पाळीला मी हे बघत उभा होतो. ओतून झालेला कॅन लगेच धुवायला जात नाही. तो पन्हळीवर पालथा पडतो आणि त्यातून थेंब गळत राहतात. पोरं घाई करायला लागली की मुकादम ओरडतो, ‘‘अरं गळू दे की जरा! दूध हाय, पाणी न्हवं.’’ इथे जेवढं दूध गळून खालच्या भांड्यात येतं, तेवढं पुढच्या धुण्याच्या पाण्यात जायचं वाचतं. पाण्याची काटकसर पाणी सोडायच्या आधीच सुरू झालेली असते.

सांगली जिल्ह्यातला दूधधंदा म्हटलं की आधी कृष्णाकाठ आठवतो. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ साली सुरुवात केली ती नदीच्या शेजारीच. पण खानापूर, आटपाडी, जत, पलीकडे साताऱ्यातले माण आणि खटाव, इथे ऊस नव्हता म्हणूनच घराघरात दूध आलं. दर दहा दिवसांनी हातात पैसा देणारं दुसरं होतं काय? म्हणजे जिथे पाणी कमी, तिथेच कॅन जास्त, आणि प्रत्येक कॅन दिवसातून दोनदा धुवायचा. टेंभूचं पाणी आता बऱ्याच गावांत पोचलंय, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्यात. तरी मे महिन्यात या केंद्राच्या दारात टँकर उभा दिसतोच.

धुण्याचं यंत्र म्हणजे पत्र्याचा एक लांबट बोगदा. एका तोंडातून पालथे कॅन आणि त्यांची झाकणं आत सरकतात, दुसऱ्या तोंडातून वाफाळत बाहेर पडतात. आत आधी नुसत्या पाण्याचा फवारा, मग सोड्याच्या गरम द्रावणाचा, मग स्वच्छ गरम पाण्याचा, मग वाफ आणि शेवटी गरम हवा. अ‍ॅल्युमिनिअमच्या कॅनला कॉस्टिक चालत नाही, ते धातूच खाऊन टाकतं. म्हणून इथे धुण्याचा सोडा आणि सिलिकेट यांचं सौम्य मिश्रण वापरतात. काचेच्या बाटल्या धुणाऱ्या शीतपेयांच्या कारखान्यांत मात्र कॉस्टिकच लागतं, काचेला त्याचं एवढं भय नाही.

ताजं पाणी या बोगद्यात मुख्यतः एकाच ठिकाणी शिरतं, अगदी शेवटच्या फवाऱ्याला. कॅनवर पडून ते खालच्या टाकीत साठतं. त्यात असतो कॅनला चिकटून आलेला किंचित सोडा, बाकी ते जवळजवळ स्वच्छच. पंप तेच पाणी उचलून बोगद्याच्या सुरुवातीला नेतो आणि नुकत्याच आलेल्या दुधाळ कॅनवर मारतो. कॅन पुढे चाललाय, पाणी मागे. सगळ्यात घाण कॅनला सगळ्यात वापरलेलं पाणी आणि सगळ्यात स्वच्छ कॅनला ताजं. माणदेशातल्या बायका भांडी विसळायला दोन घमेली घेऊन बसतात, दुसऱ्याचं पाणी पुढच्या खेपेला पहिल्यात ओततात, हिशेब तोच. यात ना महागडी गाळणी, ना परदेशी तंत्र. एक टाकी, एक पंप आणि क्रम. पाणी वाचवायचं म्हटलं की आपल्याकडे आधी यंत्रांचे कॅटलॉग उघडतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

या क्रमात आणखी एक फायदा आहे, तो मला बॉयलरवाल्याने सांगितला. पहिला फवारा कोमट लागतो, साधारण ३५ अंशांचा. थंड पाण्याने स्निग्धांश सुटत नाही, उलट थिजून बसतो. फार गरम पाण्याने दुधातली प्रथिनं शिजून पत्र्याला धरतात आणि पुढे त्यांचा दगडासारखा थर होतो. शेवटच्या फवाऱ्याचं गरम पाणी टाकीत पडून, पाइपातून फिरून सुरुवातीला येईपर्यंत निवतं. वरून थोडं साधं पाणी मिसळलं की झालं. ‘‘येगळं तापवायला लागत न्हाई बघा,’’ तो म्हणाला. पाण्याबरोबर सरपणही वाचतं.

दुखणं आहे ते नोझलचं. बोअरचं पाणी जड. तेच पाणी गरम होऊन पुन्हा फिरलं की क्षार नोझलच्या भोकात धरतात. मग फवारा तिरका जातो आणि कॅनचा खांदा, म्हणजे मानेखालचा वळणाचा भाग, कोरडाच राहतो. पाळी सुटली की एक जण जाडसर तार घेऊन खाली बसतो आणि एकेक भोक मोकळं करतो. कंटाळवाणं काम, पगारही बेताचाच, पण सगळी बचत त्या तारेवर उभी आहे. नोझल तुंबलं की कामगाराला पहिला उपाय सुचतो तो नळाची होज पाइप लावायचा, आणि दिवसभर वाचवलेलं पाणी तासाभरात वाहून जातं.

सोडा पुरता निघाला का, हे डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेतली मुलगी बाहेर आलेल्या कॅनमधलं चमचाभर पाणी परीक्षानळीत घेते आणि त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब सोडते. पाणी तसंच राहिलं तर कॅन पास. गुलाबी झालं तर सोडा शिल्लक, गाडी थांबते. मी असताना एक नळी फिकट गुलाबी झाली. तिने काही न बोलता ती मुकादमासमोर धरली. लगेच तारवाला खाली बसला.

मग शेवटच्या फवाऱ्याचं पाणीही गाळून पुन्हा तिथेच का वापरत नाहीत? अन्नाला लागणाऱ्या भांड्याला पिण्यालायक पाणीच हवं, असा नियम आहे आणि तो रास्त आहे. गाळून, निर्जंतुक करून तेही साधता येतं, पण तेवढी तपासणी रोज करणारं माणूस छोट्या केंद्रात नसतं. अर्धवट गाळलेलं पाणी दुधाच्या कॅनला लावण्यापेक्षा हा मोह टाळलेला बरा. जंतू मारायचं काम वाफेवर सोडावं, वाफेला पाणी फार थोडं लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तिच्या पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेलं. त्या वाघिणीही आधी राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेनेच स्वच्छ केल्या होत्या.

गावोगावी निघालेल्या जारच्या प्लांटमध्ये मात्र हा विचार क्वचितच दिसतो. २० लिटरचा जार आतून विसळलेलं पाणी गटारात, आरओने नाकारलेलं पाणीही गटारात, आणि जार बाहेरून धुवायला पुन्हा ताजं शुद्ध पाणी! बाहेरून घासायला ते विसळलेलं पाणी सहज चाललं असतं.

केंद्रातलं पहिल्या फवाऱ्याचं दुधाळ पाणी अखेर सांडपाणी प्रक्रियेकडे जातं. तिथे आधी वरचा तेलकट थर काढतात, मग हवा सोडतात, आणि निवळलेलं पाणी शेजारच्या शेतकऱ्याच्या नेपियर गवताला मिळतं. फुकटचं असलं तरी तो ते डोळे झाकून घेत नाही. त्याची सासुरवाडी वाळव्याची, कृष्णाकाठची क्षारपड झालेली जमीन त्याने बघितलेली आहे. सोड्याची टाकी बदलतात त्या दिवशी ते द्रावण वेगळ्या हौदात ठेवून थोडं थोडं मिसळायचं, असं त्याचं आणि व्यवस्थापकाचं ठरलंय. तरी कॅनची गाडी आली की तो बांधावरून हाळी देतोच, ‘‘साहेब, आज टाकी सोडली न्हाई न्हवं?’’ आणि उत्तर मिळाल्याशिवाय बारं मोडत नाही.