लाल म्हणजे तिखटच?

लालभडक रस्सा वाढला की पाहुणा पहिला घास घेण्याआधीच पाण्याचा तांब्या जवळ ओढतो. वास्तविक मिरचीचा रंग वेगळा आणि तिखटपणा वेगळा. तिखटपणा कॅप्सेसिनचा, आणि त्याला रंगच नसतो. लाली येते ती कॅप्सॅन्थिनसारख्या रंगद्रव्यांमुळे. म्हणूनच ब्याडगी मिरची रश्शाला सुरेख रंग देते, पण जीभ फारशी भाजत नाही. हिरवीगार लवंगी मात्र डोळ्यांतून पाणी काढते. कोल्हापूरबाहेर ‘कोल्हापुरी’ म्हणून जे काही लाल खपतं, त्यातलं बरंचसं या गैरसमजावरच खपत असावं.

मग रंगाचा चवीशी काही संबंधच नाही, असं समजायचं का? तसंही नाही. रंग पदार्थात काही घालत नाही, पण खाणाऱ्याच्या डोक्यात अपेक्षा पेरतो.

याचा सर्वांत गाजलेला पुरावा फ्रान्समधल्या बोर्दोचा, आणि विपर्यासही त्याचाच सर्वांत जास्त झाला. ‘मोठमोठ्या तज्ज्ञांना लाल आणि पांढरी वाइन ओळखता आली नाही’ असं तो छातीठोकपणे सांगितला जातो. मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दिए यांच्या 2001 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात भाग घेणारे होते वाइनशास्त्र शिकणारे 54 विद्यार्थी. त्यांच्यापुढे एक पांढरी वाइन आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग मिसळून ठेवली होती. कोणत्या वाइनचं वर्णन कोणत्या शब्दांत कराल, एवढाच प्रश्न होता. ‘ही लाल की पांढरी?’ असं कोणी विचारलंच नव्हतं. रंगवलेल्या पेल्याला मुलांनी लाल वाइनचे शब्द लावले. मुळात लाल वाइनच्या वासाला गडद रंगाच्या वस्तूंची आणि पांढरीच्या वासाला फिक्या रंगाच्या वस्तूंची नावं देण्याची रीतच आहे. प्रयोगाने तज्ज्ञांची फजिती दाखवली नाही. नाकाने घेतलेल्या वासाला नाव देताना डोळे किती ढवळाढवळ करतात, ते दाखवलं. मला हे जास्त रंजक वाटतं.

‘रंग फसवतो हे ठाऊक असलं की माणूस फसत नाही’ हाही भ्रमच. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी 2007 साली मांडलेल्या अभ्यासात रंगावर विसंबू नका, अशी आधीच कल्पना दिलेले लोकही पेयांचे स्वाद ओळखताना गोंधळले. मात्र रंग गडद केला की चवही हमखास तीव्र लागते, या समजाला तितका भक्कम आधार नाही. प्रयोगांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत.

ही अपेक्षा जन्मजातही नसते. तपकिरी पेय पाहून ब्रिटिश तरुणांना कोला आठवला, तैवानच्या तरुणांना द्राक्ष, असं 2010 सालच्या एका तौलनिक अभ्यासात दिसलं. ज्याच्या त्याच्या गावच्या दुकानांनी त्याच्या डोळ्यांना जे शिकवलं, तेच जिभेला अपेक्षित असतं.

आपल्या डोळ्यांना शिकवलंय ते पिवळाजर्द आंबा म्हणजे गोड आंबा. कॅल्शियम कार्बाइड लावून कोवळ्या फळाची सालही पिवळी करता येते. आत गर आंबट निघतो. फळं पिकवण्यासाठी ते वापरायला कायद्याने बंदी आहे, तरी वापर थांबलेला नाही. तेव्हा पेटी घेताना नुसती साल बघू नका. फळ उचलून देठाजवळ वास घ्या.