मातीचं धरण आणि माशांची जाळी

मंडळी, मातीच्या धरणाचा पहिला नियम असा, की पाणी त्याच्या माथ्यावरून वाहता कामा नये. दगडी धरण ते काही वेळ सोसतं. माती धुपून जाते. म्हणूनच बाजूला सांडवा ठेवतात आणि तळाशी पाणी सोडायला नळ.

आता अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण बघा. मूळ बांधलं कालव्यासाठी, उंची सुमारे ७२ फूट. रेल्वे आली, कालवा बंद पडला. पुढे तो तलाव कार्नेगी, फ्रिक अशा श्रीमंतांच्या क्लबकडे गेला, मासेमारी आणि नौकाविहारासाठी.

तळाचे लोखंडी नळ आधीच्या मालकानं काढून विकले होते. क्लबनं ते परत बसवलेच नाहीत. बग्गी जावी म्हणून माथा उतरवून रुंद केला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. प्रत्येक बदल किरकोळ वाटतो ना? पण पाण्याच्या वाटा एकेक करून कमी झाल्या.

३१ मे १८८९. प्रचंड पाऊस. जाळ्यांत काटक्या-पाला अडकला, पाणी माथ्यावरून वाहू लागलं आणि धरण फुटलं. सुमारे १४ मैलांवरचं जॉन्सटाउन उद्ध्वस्त झालं. २,२०९ माणसं गेली. कोर्टात क्लबकडून कुणालाही भरपाई मिळाली नाही.

तेव्हा मातीच्या बांधाचा तलाव बघायला गेलात, की आधी सांडवा बघा. तो मोकळा आहे का? आणि खाली कोण राहतं?